शिवी कोरलेला दगड

भाईंदरच्या बाजारात गुजराती दुकानदाराने 'गाळ' म्हटले, तर मराठी गिऱ्हाइकाला नाल्यातला चिखल आठवतो. गुजरातीत मात्र 'गाळ' म्हणजे शिवी. संस्कृतमधील 'गालि'शी नाते सांगणारा हा शब्द जुन्या मराठीतही याच अर्थाने वावरत होता. 'गधेगाळ' या नावात तो आजही टिकून आहे.

गधेगाळ म्हणजे गाढवाची शिवी कोरलेला दगड. मीरा-भाईंदर ज्या उत्तर कोकणात मोडते, तेथे साधारण नवव्या ते तेराव्या शतकापर्यंत शिलाहारांची सत्ता होती. राजाने जमीन दान दिली, की असा दगड उभारला जाई. वर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आकाशात असेपर्यंत दान अबाधित. मध्ये दानाचा मजकूर आणि खाली गाढव व स्त्री यांच्या समागमाचे शिल्प. जो दान मोडील त्याच्या आईची ही गत होईल, असा त्याचा अर्थ. अक्षरओळख नसलेल्यालाही तो चटकन कळे. सातबारा नसलेल्या काळातला हा जमिनीचा पहारेकरीच!

परळ येथे सापडलेला दुसऱ्या अपरादित्याचा बाराव्या शतकाच्या अखेरचा शिलालेख या दृष्टीने बोलका आहे. दानाचा तपशील संस्कृतमध्ये, पण शेवटची शापवाणी थेट मराठीत! अलिबागजवळील आक्षीच्या शिलालेखातही गाढवाची शिवी आहे. मराठीच्या आद्य लेखांत गणना होणाऱ्या मजकुरात शिवी असावी, याचा संकोच वाटण्याचे कारण नाही. धाक लोकांच्या भाषेतच बसतो.

शाप भविष्यातले अनिष्ट चिंततो, शिवी जागच्या जागी अपमान करते. मराठीत मात्र दोन्ही एकमेकांत मिसळतात. 'तळपट होवो' हा उघड शाप, तर 'मेल्या' या हाकेत मरणाचा शाप असूनही कोकणात तो लाडानेही उच्चारला जातो. 'शिंच्या' तर इतका सौम्य झाला आहे, की त्यामागची 'शिंदळी', म्हणजे व्यभिचारिणी, कोणाला आठवतही नाही.

गुन्हा पुरुषाचा आणि शिवी त्याच्या आईला, ही गधेगाळीची रीत मात्र बदललेली नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील सौंदाळा गावाने नोव्हेंबर 2024 मध्ये आई-बहिणीवरून शिवी देणाऱ्यास 500 रुपये दंडाचा ठराव केला, तो याच रीतीविरुद्ध.