विश्लेषण : डोळे उघडे, कान बंद? रोजच्याच रस्त्यावरची ‘सजग फेरी’ काय साधते?

अमेरिकेतील वेस्टर्न वॉशिंग्टन विद्यापीठाच्या आवारात एक विदूषक एकचाकी सायकलवरून फिरत होता. अंगात जांभळा-पिवळा पोशाख, पायात लाल बूट, नाकावर लाल गोळा. चौक ओलांडून आलेल्यांना संशोधक विचारत होते, विदूषक दिसला का? मोबाइलवर बोलत आलेल्यांपैकी जेमतेम २५ टक्के जणांनी ‘हो’ म्हटले. फोनशिवाय एकट्याने चालणाऱ्यांपैकी ५१ टक्के लोकांना तो दिसला होता. जोडीने चालणाऱ्यांमध्ये मात्र हे प्रमाण ७१ टक्के होते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला हा प्रयोग चालताना फोन वापरण्याच्या धोक्यासाठी वारंवार सांगितला जातो. त्यातील जोडीने चालणाऱ्यांचा आकडा मात्र सहसा कोणी सांगत नाही.

जोडीने चालणारेही बोलतच होते. म्हणजे दोष केवळ बोलण्याचा नव्हता. फोनवरचा माणूस समोरचा रस्ता पाहत नसतो. शेजारचा पाहत असतो. एकाला दिसले की तो दुसऱ्याला ‘ते बघ’ म्हणतो. दोघांनी किंवा चौघांनी मिळून, मुद्दाम हळू चालत, दिसेल-ऐकू येईल त्याची नोंद घेणे आणि शेवटी त्यातून काहीतरी लिहिणे, रेखाटणे अशा फेऱ्या आता जगभरात अनेक ठिकाणी काढल्या जातात. त्यामागचा आधार साधारण एवढाच आहे.

पाहताना ऐकू का येत नाही?

‘बघत होतो, पण ऐकले नाही’ ही तक्रार घरोघरी असते. मुलगा मोबाइलवर खेळत असतो, आई तीनदा हाक मारते आणि तो दुर्लक्ष करतो, असे तिला वाटते. खरेच त्याला ऐकू आलेले नसण्याची शक्यता बरीच आहे. २०११ मध्ये लंडनच्या संशोधकांनी दाखवून दिले, की पडद्यावरचे दृश्य काम अवघड केले तर कानावर पडलेला साधा सूरही अनेकांच्या लक्षात येत नाही. २०१५ मध्ये त्यापुढचा प्रयोग मेंदूतील हालचाल मोजून झाला. त्यात आवाजाला मेंदूकडून मिळणारा अगदी सुरुवातीचा प्रतिसादच क्षीण झालेला आढळला. माणूस आवाज ऐकून तो बाजूला सारत नव्हता. आवाज पुरता पोहोचतच नव्हता. डोळे आणि कान लक्षाच्या एकाच शिदोरीवर जगतात, एकाने जास्त खाल्ले की दुसरा उपाशी राहतो.

फेरीत दृश्य आणि ध्वनी दोन्ही एकाच वेळी टिपण्याचा आग्रह सुरुवातीला जमत नाही, त्याचे कारण हेच. त्यामुळे आधी काही मिनिटे फक्त कान, मग फक्त डोळे आणि शेवटी दोन्ही, असा क्रम सोयीचा ठरतो.

‘साउंडवॉक’ आला कुठून?

१९६६ मध्ये न्यू यॉर्कमध्ये मॅक्स न्यूहाउस या तालवादकाने कार्यक्रमाला आलेल्या श्रोत्यांच्या हातावर ‘ऐका’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचा शिक्का मारला आणि काही न बोलता त्यांना रस्त्यावर फिरायला नेले. मैफल तीच. पण या कल्पनेला शिस्त आणि नाव मिळाले ते कॅनडात. संगीतकार आर. मरे शेफर यांनी व्हँकूव्हरजवळच्या सायमन फ्रेझर विद्यापीठात ‘वर्ल्ड साउंडस्केप प्रोजेक्ट’ सुरू केला. शहराचा आवाज म्हणजे फक्त गोंगाट नव्हे, ते त्या जागेचे रूप आहे, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या गटातील हिल्डेगार्ड वेस्टरकँप यांनी १९७४ मध्ये ‘साउंडवॉकिंग’वर निबंध लिहिला आणि पुढे व्हँकूव्हरच्या सामुदायिक रेडिओवर त्याच विषयाचा कार्यक्रम केला. शेफर यांचा जन्मदिवस, १८ जुलै, हा २०१० पासून ‘जागतिक श्रवण दिन’ म्हणून पाळला जातो.

शेफर यांनी आवाजांचे तीन प्रकार सांगितले, ते फेरीत फार उपयोगी पडतात. पहिला, तंबोऱ्यासारखा सतत मागे वाजणारा मूळ सूर. समुद्रकाठी लाटा, शहरात वाहनांची घरघर. तो असतो म्हणूनच ऐकू येत नाही. दुसरा संकेत : भोंगा, घंटा, शिट्टी, मुद्दाम लक्ष वेधणारा. तिसरा म्हणजे ध्वनिखूण, एखाद्या जागेची ओळख झालेला आवाज.

मराठी कानांना यात नवे काय?

फारसे नाही. पावशा पक्षी ओरडतो ते ‘पेर्ते व्हा’, असे शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या ऐकले आहे. आभाळाचा रंग आणि हा आवाज जुळला की पेरणीची लगबग. जेवणानंतरची शतपावली आहे, बौद्ध परंपरेतील चंक्रमण आहे. पंढरीच्या वाटेवर टाळ-मृदंगाच्या ठेक्याला पावले जुळवत हजारो माणसे चालतात, तेही एकत्र चालणे-ऐकणेच. फरक एवढा, की दिंडीत आवाज आपण करतो. या फेरीत आपण गप्प राहून आजूबाजूचा आवाज आत घेतो.

ध्वनिखुणेचे सर्वांत ठसठशीत मराठी उदाहरण म्हणजे गिरणगावातला भोंगा. परळ-लालबागच्या चाळींत घड्याळ नसले तरी चालत होते. पाळी बदलली की भोंगा होई आणि त्यावर चुली, शाळा, दुकाने चालत. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, नंतर गिरण्या एकामागून एक थंडावल्या आणि तो आवाज गेला. इमारतींची छायाचित्रे मुबलक आहेत. भोंग्याचे ध्वनिमुद्रण किती जणांनी केले असेल? व्हँकूव्हरच्या गटाने १९७३ मध्येच आपल्या शहराच्या आवाजांच्या ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केल्या, त्या असे आवाज निघून जाण्याआधी पकडण्यासाठीच. आपल्याकडे आज कल्हईवाल्याची आरोळी, बोहारणीची हाक, पिंजाऱ्याच्या धनुकलीचा टणत्कार ऐकलेली माणसे अजून आहेत. भाजीवाल्याची हाक तर आपल्या डोळ्यांदेखत, किंबहुना कानांदेखत, ध्वनिमुद्रित होऊन गाडीवरच्या कर्ण्यात गेली.

फायद्याचे पुरावे किती?

येथे जरा सावध राहायला हवे, कारण अशा फेऱ्यांच्या नावावर बरेच काही खपवले जाते. बरे दाखले मोजके आहेत. २०१४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी बसलेल्या आणि चालणाऱ्या लोकांना एकाच वस्तूचे वेगवेगळे उपयोग सुचवायला सांगितले. चालताना नव्या कल्पनांचे प्रमाण सरासरी ६० टक्क्यांनी वाढले. गंमत अशी, की कोऱ्या भिंतीसमोर ट्रेडमिलवर चालणाऱ्यांनाही हा लाभ झाला. म्हणजे कल्पना सुचण्याचे श्रेय झाडा-पानांना नव्हे, पायांना. आणि ज्या प्रश्नाचे उत्तर एकच असते, तो सोडवताना चालण्याची मदत झाली नाही, उलट किंचित अडथळाच आला.

मन:स्वास्थ्याच्या बाजूने २०२० मधील सॅन फ्रान्सिस्को येथील अभ्यास महत्त्वाचा. ५२ निरोगी ज्येष्ठांना आठ आठवडे, आठवड्यातून एकदा १५ मिनिटे चालायला सांगितले. निम्म्यांना फक्त चाला म्हटले. उरलेल्यांना शक्यतो नव्या ठिकाणी जाऊन लहान मुलाच्या नजरेने पाहा, थक्क व्हा, असे सांगितले. प्रत्येकाने फेरीत सेल्फी काढायची होती. थक्क होणाऱ्या गटाच्या सेल्फीत दर आठवड्याला स्वत:चा चेहरा कमी जागा व्यापू लागला, मागचा देखावा वाढला आणि हसू रुंदावले. रोजच्या नोंदींत त्यांनी मनाचा ताण कमी आणि कृतज्ञता, माया अधिक, असे लिहिले. विशेष म्हणजे नुसते चालणारा गट अधिक वेळा चालला होता, तरी त्याच्यात हा बदल दिसला नाही. अभ्यास लहान आहे, सहभागी मुळात निरोगी होते. नैराश्यावर उपचार सुरू असलेल्या माणसाने फेरीच्या भरवशावर औषध सोडावे, असा अर्थ यातून मुळीच निघत नाही.

फोटो काढावेत की नाही?

स्मार्टफोन खिशात असताना हा प्रश्न येणारच. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, आपल्या मर्जीने छायाचित्रे काढणाऱ्यांना पाहिलेले अधिक चांगले आठवले, पण ऐकलेले कमी आठवले. कॅमेरा डोळ्याला टोक आणतो आणि कानाला बोथट करतो. तेव्हा फोटो काढायचेच तर शेवटच्या पाच मिनिटांत काढावेत. पक्ष्याचा आवाज ऐकवल्यावर नाव सांगणारी ‘मर्लिन’सारखी ॲप आहेत आणि चांगली आहेत, मात्र दर मिनिटाला नाव शोधत बसले, की पक्षी झाडावर राहतो आणि नजर पडद्यावर.

फेरी काढायची कशी?

तिघे ते सहा जण पुरेत. दहा जण झाले की गप्पा सुरू होतात. अंतर एक किलोमीटरही फार. अर्ध्या तासात चारशे-पाचशे मीटर झाले तरी हरकत नाही. रस्ता नवा हवाच असे नाही, रोजचाच असेल तर जास्त मजा.

पहिली दहा मिनिटे कोणी बोलायचे नाही. एका ठिकाणी थांबून कोऱ्या कागदाच्या मधोमध फुली मारायची. ती फुली म्हणजे आपण. जो आवाज येईल तो त्याच्या दिशेला आणि अंतरावर एखाद्या खुणेने मांडायचा. तांबटाची ‘टुक टुक’ डावीकडे दूर, कुकरची शिट्टी मागे जवळ, पिंपळाच्या पानांची सळसळ डोक्यावर. हा झाला ध्वनिनकाशा. शेजारी उभ्या असलेल्या दोघांचे नकाशे कधीच सारखे नसतात, आणि खरी मजा ते एकमेकांना दाखवण्यात आहे. आजोबांच्या कागदावर बारीक किलबिल नसते, कारण वयोमानाने उंच पट्टीचे आवाज आधी कमी होतात. नातवाच्या कागदावर टिटवी नसते, कारण तिला काय म्हणतात ते त्याला ठाऊक नसते. तो ‘कोणीतरी ओरडले’ असे लिहितो. आजोबांनी नाव सांगितले, की पुढच्या वेळी त्याला ती आपसूक ऐकू येते.

पुढची दहा मिनिटे डोळ्यांची. एकच रंग ठरवून तो शोधायचा, किंवा नेहमी न पाहिलेल्या उंचीवर पाहायचे : दुकानाच्या पाटीच्या वर, झाडाच्या बुंध्याशी. मग आवाज आणि त्याचे उगमस्थान जुळवायचे. शेवटी चार ओळी लिहाव्यात किंवा रेखाटावे. ते चांगले असण्याची अट नाही. डोळे मिटून दुसऱ्याच्या हाताने चालण्याचा खेळ बागेतच करावा, रस्त्यावर नको. शिवाय तो सर्वांना सोसतो असेही नाही, नको म्हणणाऱ्याला आग्रह करू नये.

शहरात शांतता मिळणार कुठे?

अडचण सल्ल्यात नाही, रस्त्यात आहे. पदपथावर दुचाकी उभ्या असतील आणि मागून हॉर्न वाजत असेल, तर सजगता जीव वाचवण्यातच खर्च होते. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, तर रुग्णालये-शाळांभोवतीच्या शांतता क्षेत्रात ५० आणि ४० डेसिबल ही मर्यादा आहे. नियमांत ‘रात्र’ म्हणजे १० ते सकाळी ६. फेरीचा कागद घेऊन भर दुपारी चौकात उभे राहिले, तर फुलीभोवती बहुतेक वेळा एकच खूण उमटते. तोच कागद घेऊन सहाच्या सुमारास त्याच चौकात गेल्यास दयाळ, झाडूची खरखर, दुधाच्या क्रेटचा खणखणाट आणि लांबून येणारी रेल्वे एवढे तरी नक्की मांडता येते.