गोळी देऊन बसमध्ये बसवलेलं मूल

 थर्मामीटरवरचा आकडा पाहून मुलाला शाळेत पाठवायचं की नाही, ते पाहू.

सुरतजवळच्या हजीऱ्याच्या वसाहतींत हा निर्णय भल्या सकाळी आणि घाईत होतो. पोलाद, खत, गॅस, बंदर, सगळं पाळ्यांवर चालतं. बाबा फर्स्ट शिफ्टला गेलेले किंवा नाइट करून झोपलेले, आईला कामावर पोचायचं, आजी तिकडे धुळ्या-जळगावला. मग पोराला पॅरासिटामॉल पाजून बसमध्ये बसवतात. यात मला पालकांपेक्षा रजेचे नियम जास्त दोषी वाटतात. पण औषधाचा असर चार ते सहा तासच टिकतो. सातला दिलेली गोळी अकराच्या सुमारास ओसरते, अंग पुन्हा तापतं आणि शाळेतून फोन येतो. तोवर बाकावरच्या शेजाऱ्यालाही प्रसाद मिळालेला असतो.

म्हणून ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त असेल, तर मूल घरी. औषधाशिवाय पूर्ण २४ तास ताप आला नाही, की मग शाळा. उलट्या-जुलाब थांबल्यावरही एक दिवस जाऊ द्यावा. नुसतं नाक वाहतंय, आजारानंतरचा खोकला रेंगाळलाय, पण पोर खातंय-खेळतंय? खुशाल पाठवा. उवांसाठीही शाळा बुडवायचं कारण नाही. त्याच दिवशी उपचार सुरू केले की झालं.

कांजिण्यांचं गणित वेगळं. त्यांची लस सरकारी लसीकरणात नाही, त्यामुळे वर्गात एकाला झाल्या की पुढचे दोन-तीन आठवडे इतरांना निघू शकतात. सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत मूल घरीच हवं. जुन्या बायका अशा मुलाला वेगळ्या खोलीत ठेवत, ते अगदी बरोबर होतं. अंघोळ बंद करत, ते मात्र नको.

आजारी मुलालाही शाळेत ओढणारं ‘शंभर टक्के हजेरी’चं बक्षीस शाळांनी आता बंद करावं. सीबीएसईची ७५ टक्क्यांची अट दहावी-बारावीच्या बोर्डासाठी असते, आणि आजारपणात कागदपत्रं दिली की तीही शिथिल होऊ शकते. पहिलीतल्या पोराला त्या अटीचा धाक कशाला?

पावसाळ्यात मात्र २४ तासांचा नियम दोनदा फसवतो. मलेरियाच्या एका प्रकारात ताप दिवसाआड येतो. मधल्या दिवशी मूल ठणठणीत दिसतं. थंडी वाजून ताप आला असेल तर तो उतरला तरी रक्त तपासून घ्यावं. डेंग्यूत तर खरा धोका तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, ताप उतरताना सुरू होतो. तेव्हा पोट सतत दुखणं, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त, लघवी कमी होणं किंवा मूल मलूल पडणं, यांतलं काहीही दिसलं तर थेट हॉस्पिटल गाठावं. आणि डेंग्यूची शंका असताना तापासाठी पॅरासिटामॉलच द्यावं. आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिनने रक्तस्रावाचा धोका वाढतो.