अजिंक्यतारा : शहराच्या माथ्यावरील गड

सातारा शहराच्या दक्षिणेस उभ्या असलेल्या अजिंक्यताऱ्यावर आता मोटारीनेही जाता येते. तथापि हा गड पायीच चढावा. शहर गडाच्या आश्रयाने कसे वसले, हे त्या चढणीवरच ध्यानात येते.

१६७३ मध्ये हा किल्ला स्वराज्यात आला. १६९९ च्या अखेरीस औरंगजेबाने त्यास वेढा घातला. किल्लेदार प्रयागजी प्रभू यांनी चार महिन्यांहून अधिक काळ गड झुंजविला. मोगलांचा एक सुरुंग त्यांच्यावरच उलटून त्यांचे असंख्य सैनिक ठार झाले. एप्रिल १७०० मध्ये गड पडला व ‘आजमतारा’ झाला. ताराबाईंच्या सैन्याने तो परत घेतल्यावर ‘अजिंक्यतारा’ हे नाव रूढ झाले. १७०८ मध्ये शाहू छत्रपतींचा राज्याभिषेक साताऱ्यास झाला. माथ्यावरची जागा मर्यादित, पाणी तळ्यांपुरते. वाढत्या राजधानीचा विस्तार पायथ्याशीच झाला व शाहूनगर उभे राहिले.

दोन बुरुजांमधील महाद्वार ओलांडून मंगळाईदेवीच्या मंदिराकडे जावे. उत्तरेच्या तटावरून पेठांचे शहर दिसते, तर नैर्ऋत्येस सज्जनगड.

२०२५ मध्ये जागतिक वारसा ठरलेल्या बारा किल्ल्यांत या जिल्ह्यातील प्रतापगड आहे, अजिंक्यतारा नाही. परंतु जपणुकीसाठी यादीची वाट पाहण्याचे कारण नाही. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना वर न्यावे, तटाचा दगड हलवू देऊ नये, तळ्यांत कचरा पडू देऊ नये. ज्या गडाने शहर राखले, तो राखणे आता शहराकडे आहे.