पंचेचाळीस मिनिटांचा शनिवार

सकाळी 8

कोथरूडमधल्या एका इमारतीच्या तळघरातली जॅमरूम तासाच्या भाड्याने मिळते, आणि सकाळचा दर संध्याकाळपेक्षा कमी असतो. त्यामुळे गिग रात्री मुंबईत असली तरी आमचा शनिवार इथे सुरू होतो. गायिका शाळेत भूगोल शिकवते, आज तिने रजा टाकली आहे. गिटारवाला हिंजवडीत कोड लिहितो. ड्रमर आर्किटेक्टकडे नकाशे काढतो. मी बेस वाजवतो आणि एरवी एका सीएच्या ऑफिसात लोकांची रिटर्न्स भरतो, म्हणून बँडचे सगळे हिशेबही माझ्याच गळ्यात.

गिगच्या दिवशी आम्ही गाणी बसवत नाही. ती हातांना पाठ आहेत. आम्ही गाण्यांच्या मधल्या फटी बसवतो. एक गाणं संपतं, गिटारवाल्याला पुढच्या गाण्यासाठी खालची तार उतरवायची असते, गायिकेला कीबोर्डवरचा आवाज बदलायचा असतो, ड्रमरला लॅपटॉपवर पुढचा ट्रॅक लावायचा असतो. त्या वीस सेकंदांत स्टेजवर काहीच घडलं नाही, तर समोरचे लोक मोबाईल काढतात, आणि एकदा खाली गेलेली मान वर यायला दीड गाणं लागतं. म्हणून कोणी बोलायचं, कोणी एखादा सूर धरून ठेवायचा, हे ठरलेलं असतं.

लॅपटॉपबद्दल सांगून टाकतो. आमच्या गाण्यांत सिंथचे तीन-चार थर आहेत, कोरसला दुसरा आवाज आहे. चौघांच्या आठ हातांत ते मावत नाही. म्हणून लॅपटॉपच्या डाव्या वाटेने ते थर बाहेर जातात आणि उजव्या वाटेने क्लिक, म्हणजे मेट्रोनोमची टिकटिक, फक्त ड्रमरच्या कानात. जुन्या वळणाच्या ऐकणाऱ्यांना यात फसवणूक वाटते. मला तसं वाटत नाही, पण एक किंमत आहे आणि ती ड्रमर मोजतो: गाणं रंगात आलं, लोक नाचायला लागले, तरी त्याला लय तसूभर वाढवता येत नाही. गेल्या महिन्यापासून शेवटची दोन गाणी आम्ही क्लिकशिवाय वाजवतो. ती दर वेळी थोडी जलद होतात आणि मला तीच जास्त आवडतात.

सकाळी 10:30

सामान. ड्रमरने सगळा सेट न्यायचा नसतो. मोठे ड्रम त्या जागेचे असतात, आपण न्यायच्या त्या ब्रेकेबल्स: स्नेअर, झांजा, किकचं पेडल. बाकी कीबोर्ड, त्याचा स्टँड, गिटार, बेस, पेडलबोर्ड, डीआय बॉक्स, ऑडिओ इंटरफेस, केबलींची पिशवी आणि टी-शर्टांचा खोका. अर्टिगाच्या मागच्या सीट्स पाडल्या की हे सगळं बसतं. मग चौथा माणूस कीबोर्डला टेकून बसतो. आज ती पाळी गिटारवाल्याची. वॉचमनकाका दर वेळेप्रमाणे विचारतात, “आज कुठे लग्न?” आम्हीही दर वेळेप्रमाणे सांगतो, “मुंबईला, काका.”

दुपारी 12

खंडाळ्याच्या घाटात गाड्यांची रांग. शनिवारी दुपारी एक्स्प्रेसवेवर याहून वेगळं काही होत नाही, म्हणून आम्ही साउंडचेकच्या आधी भरपूर वेळ हातात ठेवून निघतो.

गाडीत दोन कामं होतात. पहिलं, नव्या गाण्याचं मिक्स ऐकणं. स्टुडिओतल्या महागड्या स्पीकरवर सगळंच बरं वाटतं. गाडीत बेस गढूळ झाला की कळतं कुठे हात फिरवायचा आहे. स्पॉटिफायसारख्या सेवा सगळी गाणी साधारण एकाच पातळीच्या मोठेपणावर आणून ऐकवतात, उणे 14 एलयूएफएस ही ती पातळी. त्यामुळे गाणं दाबून दाबून मोठं करण्यात अर्थ उरलेला नाही. हे पटवायला मला गिटारवाल्याशी लोणावळ्यापासून भांडावं लागलं.

दुसरं काम फॉर्म भरणं. गाणं प्रकाशित होण्याच्या निदान सात दिवस आधी स्पॉटिफायला सादर केलं, तर ते आपल्याला फॉलो करणाऱ्यांच्या रिलीज रडारमध्ये जातं. त्या फॉर्मात भाषा विचारतात, ती सोपी. मग शैली विचारतात. आम्ही ‘आल्टर्नेटिव्ह पॉप’ लिहितो. म्हणजे कोरस गुणगुणता येईल असा ठेवायचा, पण सिनेमातल्या गाण्याचा भरजरी वाद्यमेळ नको. शब्द बसस्टॉपवरचे, भाड्याच्या खोलीतले. इंग्रजी-हिंदी गाणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. आम्ही मराठीत गातो म्हटल्यावर आयोजकांचा पहिला प्रश्न असतो, “म्हणजे फोक फ्यूजन?” ढोलकी नाही म्हटलं की फोनवर जरा शांतता पसरते.

या फॉर्मांनी किती पैसे मिळतात? एखादं गाणं बारा महिन्यांत हजार वेळाही ऐकलं गेलं नाही, तर स्पॉटिफाय 2024 पासून त्या रेकॉर्डिंगचा मोबदलाच देत नाही. आमची निम्मी गाणी त्या रेषेखाली आहेत. म्हणून मी दुसरीकडे जास्त लक्ष देतो. रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा आणि शब्द-चालीचा हक्क वेगळा. 2012 मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, तिच्यासाठी जावेद अख्तर संसदेत आणि बाहेर झगडले. तेव्हापासून गीतकार-संगीतकाराला सिनेमागृहाबाहेरच्या वापरातला आपला रॉयल्टीचा वाटा कंपनीला लिहून देता येत नाही. आयपीआरएस ही संस्था तो गोळा करते. एका लेबलच्या माणसाने आम्हाला पाठवलेल्या करारात तरीही ‘सर्व हक्क, कायमस्वरूपी’ असं होतं. गायिकेला ते वाक्य भारदस्त वाटलं होतं. मी ते खोडून परत पाठवलं, त्यानंतर त्याचा फोन आला नाही.

दुपारी 3

लोअर परळ. गिरणीच्या जुन्या आवारात आता रेस्टॉरंट्स, ऑफिसं आणि आमची आजची जागा. 1982 च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर हा सगळा भाग हळूहळू असा झाला. इथे आलं की मला लाल बावटा कलापथक आठवतं. अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गव्हाणकर यांनी 1944 मध्ये उभं केलेलं. याच गिरणगावात ते कामगारांसमोर गात, आणि अमर शेखांना माईक लागत नसे असं सांगणारी म्हातारी माणसं मी लहानपणी ऐकली आहेत. आम्ही त्यांचे वारस वगैरे आहोत असं अजिबात म्हणायचं नाही. एवढंच की या गल्लीत मराठीत स्वतःचं गाणं लिहून गाणं ही नवी टूम नव्हे, हे आयोजकाला सांगावंसं वाटतं. सांगत नाही. तो आत्ता फोनवर आहे.

सामान मागच्या दाराने, मालाच्या लिफ्टमधून. मग थांबायचं. साउंडचेक उलट्या क्रमाने होतो: रात्री शेवटी वाजवणारा बँड आधी तपासून घेतो, आणि सुरुवातीला वाजवणारा शेवटी, म्हणजे त्याची मांडणी तशीच स्टेजवर राहते. आम्ही सुरुवातीला वाजवणारे. मुख्य बँडने त्यांचा वेळ घेतला, मग आमच्यातलाही घेतला.

संध्याकाळी 5:15

साउंडचेक. ताशी भाड्याच्या सगळ्या सकाळी या पाऊण तासासाठी असतात, आणि आज पाऊण तासाची पंचवीस मिनिटं झाली आहेत.

आधी किक, एकट्याने, कंटाळा येईपर्यंत. मग स्नेअर. मग माझा बेस. बेसच्या सगळ्यात जाड तारेचा सूर साधारण 41 हर्ट्झचा, म्हणजे हवेतली एक लाट आठ मीटरहून लांब. ही खोली जेमतेम तेवढी रुंद आहे. अशा खोलीत काही सूर दुप्पट होऊन येतात आणि काही भिंतीत गडप होतात. जिथे मी उभा आहे तिथे ऐकू येतं ते तीन पावलांवर ऐकू येत नाही. इंजिनियर चांगला आहे. हॉलभर फिरतो, मला तोच सूर पुन्हा पुन्हा वाजवायला लावतो, परत जाऊन एका ठिकाणी थोडं कापतो. “अब बजा.” खोली मोकळी होते. लोकांना वाटतं इंजिनियर आवाज वाढवतो. चांगला इंजिनियर बहुतेक वेळ कमी करत असतो.

गायिकेची वेगळीच तक्रार. तिचा आवाज बारीक, गाणी माईकजवळ ओठ नेऊन पुटपुटल्यासारखी. माईकची पातळी वर नेली की मॉनिटर शिट्टी मारतो, खाली आणली की झांजा तिला गिळतात. मराठीतला दंत्य ‘च’ आणि ‘स’ माईकवर टोचतात ते निराळंच. शेवटी तोडगा जुनाच निघतो: झांजा हळू वाजवायच्या. ड्रमर मान हलवतो. रात्री तो हे विसरणार, हे इंजिनियरसकट सगळ्यांना माहीत आहे.

लॅपटॉपमधून क्लिक क्षणभर मोठ्या स्पीकरवर येतो. दोन केबली उलट्या लागल्या होत्या. आत्ता कळलं, बरं झालं.

संध्याकाळी 7

या दिवसातला मला सर्वांत नकोसा तास. खाली फाटकाशी चार-पाच मुलं उभी आहेत, रुपारेल कॉलेजची दोघं, एक मुलगी डोंबिवलीहून आलेली. आमची गाणी यांना पाठ आहेत, मला नसलेल्या ओळींसकट. यांनी आधी मेसेज केला होता, “दादा, आत सोडतील ना?” सोडणार नाहीत. महाराष्ट्रात बिअरला वयाची अट 21, कडक दारूला 25, आणि या जागेने प्रवेशच 21 ला बांधला आहे. जागेचा दोष नाही, तिचं परवानापत्र त्यावर टिकून आहे. आमच्या तिकिटाने तिचं भाडं निघत नाही, ते ग्लासांतून निघतं.

असं नेहमी नव्हतं. धोबीतलावला सेंट झेवियर्सच्या शेजारी रंगभवन होतं, उघड्यावरचं. तिथे 1986 पासून इंडिपेंडन्स रॉक भरायचा आणि कॉलेजची पोरं स्वस्तात बँड ऐकायची. पुढे ध्वनिप्रदूषणाचे 2000 चे नियम आले, इस्पितळ-शाळा-न्यायालयाभोवतीच्या शंभर मीटरांना शांतता क्षेत्र म्हटलं गेलं, उघड्यावर रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद झाला. रंगभवन शांतता क्षेत्रात गेलं आणि तिथलं संगीत संपलं. इस्पितळाशेजारी रॉक नको, यात मलाही काही चुकीचं दिसत नाही. पण मोकळी जागा गेली तिच्या बदल्यात दुसरी कोणी दिली नाही. बँड बंद खोल्यांत गेले, बंद खोल्यांना बार लागला, आणि ज्या वयात माणूस बँडच्या प्रेमात पडतो ते वय दाराबाहेर राहिलं. आम्ही सतरा-अठरा वर्षांच्या माणसासाठी गाणी लिहितो आणि तिशीतल्या, गप्पा मारणाऱ्या लोकांसमोर वाजवतो.

गायिका गिटार घेऊन खाली जाते आणि पार्किंगमध्ये त्यांना दोन गाणी गाऊन दाखवते. सिक्युरिटीवाला तिसऱ्याच्या आधी येऊन सांगतो, “मॅडम, इथे नको.”

रात्री 9:10

सेट. पहिली दोन गाणी काचेमागून वाजवल्यासारखी जातात. तिसऱ्याला पुढच्या टेबलावरचं एक जोडपं वळून बसतं. चौथ्याला कोणीतरी मागून ओरडतं, “झिंगाट!” गायिका गोड हसून म्हणते, “ते त्यांचं, हे आमचं,” आणि ड्रमर लगेच चार मोजतो. सकाळी बसवलेली फट कामाला आली ती अशी. झांजा अर्थातच मोठ्या. क्लिक नसलेल्या शेवटच्या गाण्यात लय सुटते, आम्ही चौघं एकमेकांकडे बघत तिच्यामागे धावतो आणि बारमागचा पोरगाही ग्लास पुसता पुसता मान डोलवतो. इंजिनियर घड्याळ दाखवतो. 9:55.

रात्री 11:45

मुख्य बँड संपल्यावर हिशेब. आमची रक्कम ठरलेली, त्यांना तिकिटांतला वाटा. आमच्या रकमेतून दहा टक्के टीडीएस कापून बाकी पंचेचाळीस दिवसांनी. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या कितीतरी खाली, म्हणून जीएसटी क्रमांक नाही. हे मी आयोजकाच्या अकाउंटंटला तिसऱ्यांदा समजावतो. टी-शर्ट बऱ्यापैकी गेले. टोल, पेट्रोल, जॅमरूम, रात्रीचं जेवण वजा केल्यावर उरतं ते चौघांत वाटण्याइतकं नसतं. ते पुढच्या गाण्याच्या मास्टरिंगला जातं.

सामान पुन्हा मालाच्या लिफ्टने खाली.

रात्री 2

फूड मॉलवर चहा. भांडण परतीच्या वाटेवरचं, नेहमीचं: पुण्यात सुदर्शन रंगमंचासारख्या छोट्या नाट्यगृहात, बारशिवाय, तिकीट लावून दुपारचा कार्यक्रम करायचा का. फाटकावरची मुलं येतील. भाडं आपल्याला आधी भरावं लागेल. इतक्या छोट्या जागेत ड्रम कानात बसतील. ड्रमर बराच वेळ गप्प असतो आणि मग म्हणतो की तो काठ्यांऐवजी रॉड्सनी वाजवेल, आणि झांजा दोनच आणेल. आता प्रश्न तारखेचा. सुट्टीच्या दिवसांत रविवारच्या चांगल्या वेळा बालनाट्यवाल्यांनी आधीच धरून ठेवलेल्या असतात. गायिकेच्या शाळेतल्या एका बाईंचं त्यांच्यात बसणं-उठणं आहे, सोमवारी ती त्यांना विचारणार आहे.