फायबरच्या होडीतलं कुजलेलं लाकूड

फायबरची होडी कुजत नाही, असं आपल्याकडे सगळे धरूनच चालतात. लाकडाच्या होडीला दरवर्षी काजूच्या टरफलांचं तेल लावा, भेगा बुजवा, कीड लागली का बघा. फायबर घेतली की सुटलो. काच आणि रेझिन कुजत नाही, एवढं यातलं खरं. पण बेतूल-कुटबणच्या बाजूला साळ नदीच्या मुखाशी ज्या लहान फायबरच्या होड्या दिसतात, त्यांच्यातल्या अनेकींच्या पोटात लाकूड असतं. तेही नेमकं अशा जागी, की जिथे सगळा भार येतो.

ती जागा म्हणजे होडीची मागची उभी भिंत, जिच्यावर आउटबोर्ड इंजिन अडकवतात. कारागीर तिला ट्रान्सम म्हणतात. बाहेरून फायबरचा एक थर, आतून दुसरा, आणि मधे दीड इंच किंवा थोडं जास्त जाडीचं प्लायवूड, अशी तिची रचना. नऊ-दहा अश्वशक्तीचं इंजिन वजनाला चाळीस किलोच्या आसपास असतं, पण प्रश्न वजनाचा नाही. पंखा होडीला पुढे ढकलतो तो सगळा जोर या भिंतीतूनच होडीत जातो. लाटेवरून होडी खाली आदळते तेव्हा तेच इंजिन भिंतीला हिसका देतं. मधलं प्लाय दोन्ही थरांना एकमेकांपासून दूर आणि एकत्र धरून ठेवतं, म्हणून भिंत ताठ राहते. प्लायचा भुगा झाला की उरतात दोन पातळ पापुद्रे, आणि प्रत्येक जण एकटाच वाकायला लागतो. मग एके दिवशी किनाऱ्यापासून लांब कोपऱ्यात चीर पडते, मागून पाणी आत येतं, आणि इंजिन अजून चालू असतं.

आता हे लाकूड कोण खातं? शेडमध्ये येणाऱ्या दहा जणांतले नऊ सांगतील, खारं पाणी. मला वाटतं यात आपण समुद्राला उगाच दोष देतो. लाकूड कुजवते ती बुरशी. तिला ओल लागते, हवा लागते, ऊब लागते. मीठ तिला मानवत नाही. खाऱ्या पाण्यात मुरलेलं लाकूड म्हणूनच बराच काळ टिकतं. खरा शत्रू आपल्या डोक्यावर पडतो, जून ते सप्टेंबर. पावसाचं गोडं पाणी, कोकण-गोव्याची ऊब, आणि वर प्लास्टिकची ताडपत्री गच्च बांधलेली. बुरशीला याहून चांगलं घर बांधून देता येणार नाही. इंग्रजीत या कुजण्याला ‘ड्राय रॉट’ म्हणायची सवय आहे, ती फसवी आहे. लाकडातली ओल वीस टक्क्यांच्या खाली राहिली तर बुरशी वाढतच नाही. कोरडं दिसणारं कुजलेलं लाकूड कुजताना ओलंच होतं, नंतर वाळलं.

जुन्या लाकडी होडीचं एक बरं होतं. ती ओली व्हायची तशी वाळायची, आणि कुजली तर डोळ्यांना दिसायची. फायबरच्या दोन थरांमधे एकदा शिरलेलं पाणी मात्र बाहेर येत नाही.

शिरतं कुठून? बहुतेक वेळा आपणच वाट करून देतो. इंजिनाचे बोल्ट बसवायला भोकं पाडतात आणि त्यांत नुसता बोल्ट ठोकतात. मासे शोधायच्या यंत्राचा सेन्सर, शिडी, दोरी बांधायची कडी, प्रत्येकाला दोन-चार स्क्रू. तळाच्या बुचाचं भोक तर सगळ्यात वाईट, कारण ते सगळ्यात खाली असतं आणि तिथे प्लायची कापलेली कड उघडी राहते. लाकूड कापलेल्या कडेने पाणी पितं, स्पंजासारखं. वरच्या काठाचंही तसंच. इंजिनाचे आवळस्क्रू तिथे घासून घासून फायबर उडवतात, आणि पुढच्या पावसाचं पाणी सरळ आत.

ओळखायला फार साधनं लागत नाहीत. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने भिंतीवर सगळीकडे ठोकत जा. चांगल्या जागी टणक, कडक आवाज येतो, कुजलेल्या जागी थप्प असा बसका. इंजिन बसवलेलं असताना त्याचा खालचा भाग हाताने पुढे-मागे दाबा आणि भिंतीच्या वरच्या काठाकडे बघा. काठ हलला तर पुढचं बोलायलाच नको. आवळस्क्रू दरवर्षी एक-दोन आटे जास्त आत जात असतील, बोल्टच्या भोकातून तपकिरी पाणी ओघळलेलं दिसत असेल, कोपऱ्यांत बारीक चिरा असतील, तर संशय घ्या. शेवटची खात्री ड्रिलची. आतल्या बाजूने पाच-सहा मिलिमीटरची दोन-तीन भोकं पाडा, एक खाली बुचाजवळ, एक बोल्टजवळ. बाहेरचा थर फोडायचा नाही. भुसा कोरडा आणि पिवळसर निघाला तर भोकं बुजवून घरी जा. काळा, ओला, कुबट वासाचा निघाला तर होडी शेडमध्ये आणा.

आणा, पण वेळेवर. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी असते. ट्रॉलर जेटीला लागतात, दर्या खवळलेला असल्याने बऱ्याचशा लहान होड्याही वर ओढलेल्या असतात. दोन महिने हातात. आणि तरी दरवर्षी माणसं जुलैच्या शेवटच्या आठवड्यात येतात. “पात्रांव, दोन मॅट मारून द्या, एक तारखेला सोडायची आहे.” असेच दोन भाऊ एकदा होडी घेऊन आले होते. भिंतीवर आतून-बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा बोल्टने आवळलेला, वर ताजा निळा रंग. आदल्या मालकाने तशीच विकलेली. पत्रा काढला तेव्हा आतलं प्लाय बोटांनी उकरता येत होतं, ओल्या तंबाखूसारखं. धाकटा म्हणाला, पत्रा परत लावा, या मोसमापुरतं चालू दे, कर्जाचा हप्ता आहे. थोरला काही बोलला नाही. त्याने मूठभर लगदा उचलला, पिळला, आणि पाणी गळताना बघत राहिला. मग म्हणाला, उघडा.

पत्रा लावणं, वरून मॅट चढवणं, भोकं पाडून आत पातळ इपॉक्सी ओतणं, हे सगळे उपाय मी पाहिलेले आहेत. ओल्या लाकडात रेझिन शिरत नाही. जिथे शिरतं तिथे ते भुग्यालाच चिकटतं. पत्र्याने तर पाणी आणखी कोंडतं. माझं मत विचाराल तर कूज तळहाताएवढी असली तर तेवढाच तुकडा कापून बदलता येतो, त्याहून मोठी असेल तर अख्खं प्लाय बाहेर. मधला मार्ग नाही.

शक्यतो आतून उघडावं. बाहेरचा थर शाबूत राहिला की होडीचा आकार राहतो. पण कापण्याआधी मापं घ्या. काठाची उंची शाफ्टप्रमाणे असते, लहान शाफ्टला १५ इंच, लांबला २०. भिंतीचा कल पुठ्ठ्यावर काढून ठेवा. आणि बाहेरून दोन-तीन सरळ, जाड पट्ट्या लावून भिंतीला टेका द्या. प्लाय निघालं की बाहेरचा थर कापडासारखा लोळतो, तो वाकडा राहिला तर इंजिन जन्मभर वाकडं.

मग ग्राइंडरने आतला थर कापायचा, चारी बाजूंना दोनेक इंचांची कड सोडून. प्लाय पटाशीने काढायचं. मधलं हाताने निघतं. खालचे कोपरे मात्र अर्धा दिवस खातात, आणि नेमकं तिथेच थोडं कुजलेलं ठेवून द्यायचा मोह होतो. ठेवू नका. तळातल्या लांब पट्ट्या भिंतीला येऊन मिळतात, त्यांच्यातही लाकूड असेल तर तीही टोकाला तपासा. कूज तिकडून पुढे सरकलेली असू शकते.

यानंतर वाळवणं. एप्रिल-मेचं ऊन असेल तर सोपं, जुलैत शेडमध्ये पंखा आणि हॅलोजन लावून दिवसच्या दिवस बसावं लागतं. वाळलं का ते बघायला पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आतून दव दिसलं तर थांबा.

प्लाय घेताना दुकानदार ‘वॉटरप्रूफ’ म्हणेल, त्यावर जाऊ नका. शीटवर आयएस ७१० असा शिक्का बघा, ते मरीन प्लाय. आयएस ३०३ चं स्वयंपाकघराच्या कपाटाला चांगलं, होडीला नाही. लहान होडीला १८ मिलिमीटरची, आठ बाय चारची एक शीट दोन थरांना बहुतेक पुरते. पुठ्ठ्याच्या साच्यावरून कापा, कापलेल्या कडांना दोन-तीनदा रेझिन पाजा, पितील तेवढं. बाहेरचा जुना थर आतून घासून निस्तेज करा, ॲसिटोनने पुसा. चिकटवायला रेझिनमधे एरोसिल आणि काचेचे बारीक तुकडे घालून लोण्यासारखी पुटी करायची, दोन्ही पृष्ठांना दातेरी पट्टीने फासायची. प्लायला इकडेतिकडे बारीक भोकं असली तर अडकलेली हवा आणि जास्तीचा माल बाहेर येतो. पट्ट्या आणि बोल्ट लावून आवळा. कडेला सगळीकडून पुटी बाहेर आली पाहिजे. एखाद्या जागी आली नाही, तर तिथे पोकळी आहे, आणि पुढची कूज तिथून सुरू होणार.

कोपऱ्यांत पुटीची गोलाई द्या, कारण काच काटकोनात बसत नाही. मग मॅट आणि रोविंग आळीपाळीने, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा मोठा, बाजूंवर आणि तळावर चार ते सहा इंच चढलेला. जुन्या थराची सोडलेली कड उतरती घासून घ्या, एक मिलिमीटर जाडीला साधारण १२ मिलिमीटर उतार. भिंतीवरचा जोर होडीच्या अंगात जातो तो या सांध्यातून, म्हणून घाई करायची असेल तर दुसरीकडे कुठेतरी करा.

पॉलिएस्टर की इपॉक्सी, यावर शेडमध्ये भांडणं होतात. पॉलिएस्टर स्वस्त आहे, होडी मुळात त्यातच बनलेली असते. पण जुन्या, वाळलेल्या फायबरला आणि लाकडाला इपॉक्सी जास्त घट्ट धरते, आणि दुरुस्तीत सगळं जुन्यालाच चिकटवायचं असतं. परवडत असेल तर मी इपॉक्सीच सांगेन. तिच्याबरोबर नेहमीची मॅट वापरू नका. त्या मॅटचा डिंक पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनने विरघळतो, इपॉक्सीत विरघळत नाही. विणलेलं कापड घ्या. दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट साय येते. पुढचा थर लावायच्या आधी ती पाण्याने घासून काढावी लागते.

पॉलिएस्टर वापरणाऱ्यांना एक गोष्ट ओरडून सांगायची आहे. कोबाल्ट आणि कॅटलिस्ट एकमेकांत थेट ओतू नका, कधीच नाही. भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमधे पूर्ण मिसळायचं, मग किलोला १० ते २० ग्रॅम कॅटलिस्ट, उन्हाळ्यात कमीकडे. कॅटलिस्टचा एक थेंब डोळा घालवू शकतो. चष्मा लावा, उडालाच तर निदान पंधरा मिनिटं पाण्याने धुवा आणि लगेच डॉक्टरकडे. आमच्याकडची पोरं बनियनवर ग्राइंडर चालवतात, मग रात्रभर खाजवत बसतात. खाज जाते, पण छातीत गेलेल्या धुळीचं तसं नाही. मास्क लावा.

शेवटी इंजिनाची भोकं. बोल्ट १२ मिलिमीटरचा असेल तर आधी २० मिलिमीटरचं भोक पाडा, ते पुटीने पूर्ण भरा, सुकू द्या, आणि मग त्याच्या मधोमध १२चं पाडा. आता पाणी आलं तरी त्याला लाकूड भेटत नाही. बुचाच्या भोकालाही हेच. बोल्ट ३१६ स्टेनलेसचे, खाली पॉलियुरेथेन सीलंट. खिडक्यांना लावतात ते सिलिकॉन इथे नको.

त्या दोन भावांची होडी ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात पाण्यात गेली. नारळी पौर्णिमा होऊन गेली होती, शेजारच्यांचे चांगले दिवस त्यांनी किनाऱ्यावरून बघितले. धाकटा माझ्यावर अजून थोडा नाराज आहे, हप्ता चुकलाच.

जुनी होडी घ्यायचा विचार असेल तर २९ जूनच्या सांगोडाच्या सुमाराला घ्यायला निघा. होड्या नटलेल्या असतात, मालक खुशीत असतो, आणि दर्यावर जायची घाई कोणालाच नसते. इंजिन उतरवून दाखवायला सांगा, ताज्या रंगाच्या भिंतीवर ठोकून बघा. ड्रिल मारू देणार नाही म्हणाला तर दुसरी होडी बघा. आणि घेतलीत की पावसात ठेवताना नाळ उंच, पिछाडी खाली, बूच काढलेलं, ताडपत्रीच्या दोन्ही टोकांना वारा जायला जागा.