सेव्हिलहून बडोद्यास

१ नोव्हेंबर १९६१ रोजी कानपूरच्या आकाशात दोन इंजिनांचे एक नवे विमान प्रथमच झेपावले. ॲव्हरो ७४८ हे त्याचे कुळनाम. आराखडा इंग्रज अभियंत्यांचा आणि बरेचसे सुटे भागही इंग्लंडहून आलेले. परंतु त्यांची जुळणी मात्र भारतीय हातांनी केलेली होती. हे काम कोणा मोठ्या कंपनीच्या कारखान्यात झालेले नव्हते. एअर व्हाइस मार्शल हरजिंदर सिंग यांच्या देखरेखीखाली हवाई दलानेच आपल्या कानपूरच्या जागेत ते उभे केले होते. हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख सुब्रोतो मुखर्जी हे आदल्याच वर्षी निवर्तले होते. त्यांच्या स्मरणार्थ या विमानाचे नाव ‘सुब्रोतो’ असे ठेवण्यात आले. पुढे १९६४ मध्ये हा कारखाना हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये सामील झाला.

या ॲव्हरोने साठ वर्षे इमानाने चाकरी केली. तथापि त्याच्या घडणीत एक उणीव होती. त्याला शेपटीखाली उतरते दार नव्हते. माल चढवावयाचा तर तो बाजूच्या दारातून, जमिनीपासून उंचावर, उचलूनच न्यावा लागे. जीपगाडी सरळ आत हाकणे किंवा मागच्या तोंडाने छत्रीधारी सैनिकांना भराभर उतरविणे हे या विमानाला साधणारे नव्हते. शिवाय यंत्र म्हातारे झाले की त्याचे सुटे भागही जगातून नाहीसे होऊ लागतात. अखेर २४ सप्टेंबर २०२१ रोजी ॲव्हरोच्या जागी सी-२९५ जातीची ५६ विमाने घेण्याचा करार भारत सरकारने केला. त्याची किंमत सुमारे २१,९३५ कोटी रुपये. त्यांपैकी १६ विमाने स्पेनमध्ये तयार करून द्यावयाची आणि उरलेली ४० टाटा समूहाने बडोद्यास बांधावयाची, असे ठरले.

विकणारी संस्था कोण, हे आपल्या वाचकांपैकी अनेकांना ठाऊक नसेल. एअरबस हे नाव प्रवासी विमानांमुळे घरोघरी पोहोचले आहे. परंतु सी-२९५ हे ज्या शाखेचे अपत्य, ती ‘एअरबस डिफेन्स अँड स्पेस’ म्हणजे संरक्षण व अंतराळ विभाग होय. म्युनिकजवळ मुख्यालय असलेला हा विभाग २०१४ मध्ये तीन निरनिराळ्या संस्था एकत्र करून स्थापण्यात आला. एक लष्करी विमाने बांधणारी, दुसरी संरक्षणाची विद्युत्‌-यंत्रणा तयार करणारी आणि तिसरी उपग्रह घडविणारी. जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश आणि इंग्रज अशा चार देशांच्या कारागिरांचे हे एकत्र कुटुंब आहे. आणि एकत्र कुटुंबात जी सुखे व जी भांडणे असावयाची, ती त्यातही आहेत.

यातील अंतराळाच्या खोलीत क्षणभर डोकावण्यासारखे आहे. सुमारे दोन अब्ज ताऱ्यांची मोजदाद करणारी ‘गाया’ ही दुर्बीण याच घराण्याने तूलूझ येथे बांधली. २०१३ च्या डिसेंबरात ती आकाशात गेली आणि २०२५ च्या मार्चमध्ये तिचे काम थांबविण्यात आले. गुरूच्या बर्फाळ चंद्रांकडे २०२३ मध्ये निघालेले ‘ज्यूस’ हे यानही यांचेच. ते २०३१ मध्ये तेथे पोहोचावे अशी योजना आहे. आपला संबंधही आहेच. यांनी घडविलेले स्पॉट-६ आणि स्पॉट-७ हे भूनिरीक्षक उपग्रह २०१२ व २०१४ मध्ये आपल्या पीएसएलव्ही अग्निबाणांनी श्रीहरिकोट्याहून कक्षेत सोडले. मात्र ताऱ्यांची मोजणी करणाऱ्याच्या घरीही जमाखर्चाची वही असतेच. उपग्रहांच्या धंद्यात तोटा आल्यामुळे २०२४ च्या ऑक्टोबरात या विभागाने अडीच हजारांपर्यंत नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले.

आता आपण सेव्हिलकडे वळू. स्पेनच्या दक्षिणेतील या शहरात सी-२९५ ची अखेरची जुळणी होते. आणि ती तेथे का होते हे समजून घेतल्यावाचून बडोद्याचा अर्थ नीट उमगणार नाही. होसे ऑर्तिस एचागूए नावाचे एक लष्करी अभियंता होते. बलूनमधून आणि विमानातून उड्डाण करणारे, आणि त्याहूनही विशेष म्हणजे पहिल्या प्रतीचे छायाचित्रकार. स्पेनमधील खेडुतांची, त्यांच्या पोशाखांची त्यांनी घेतलेली चित्रे आजही संग्रहालयांत मानाने जपलेली आहेत. याच गृहस्थांनी १९२३ मध्ये ‘कासा’ ही विमान-कंपनी काढली. आरंभी तिच्याजवळ स्वतःचे असे काहीच नव्हते. फ्रान्सच्या ब्रेगे १९ या विमानाची परवान्यावर बांधणी करणे हे तिचे पहिले मोठे काम. तिने बांधलेल्या अशाच एका ब्रेगेने १९२९ च्या मार्चमध्ये सेव्हिलहून निघून सुमारे ४४ तासांत अटलांटिक ओलांडला व ब्राझीलमधील बाहिया गाठले. पुढे जर्मन विमाने, तीही परवान्यावर. लहानसे, काटक ‘आव्हिओकार’ हे कासाचे स्वतःच्या आराखड्याचे मालवाहू विमान आकाशात गेले ते १९७१ मध्ये. तोवर कंपनीला ४८ वर्षे झाली होती.

यानंतरचा अध्याय आपल्याला अधिक जवळचा आहे. कासाने इंडोनेशियाशी निम्मी-निम्मी भागीदारी करून सीएन-२३५ हे विमान तयार केले. १९८३ मध्ये त्याची दोन आद्य विमाने बाहेर पडली, एक स्पेनमध्ये व एक बांडुंगमध्ये. इंडोनेशियाने केवळ जुळणी केली नाही, आराखड्यातही वाटा उचलला. तेथून धीर घेऊन त्या देशाने सर्वस्वी स्वतःचे एन-२५० हे प्रवासी विमान रचले व १९९५ मध्ये उडवूनही दाखविले. परंतु दोनच वर्षांत आशियातील आर्थिक संकट कोसळले. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे कर्ज घेताना सरकारला या उद्योगाचा आधार काढून घ्यावा लागला. एन-२५० थांबले आणि पुढे हजारो कारागीर घरी बसले. इकडे कासाने सीएन-२३५ चे अंग लांबवून एकट्याने सी-२९५ काढले. त्याचे पहिले उड्डाण १९९७ च्या नोव्हेंबरातले, म्हणजे बांडुंगला ग्रहण लागले नेमके त्याच सुमाराचे. दोन्ही भागीदारांची बुद्धी सारखीच होती. एकाच्या पाठीशी पैसा व मागणी टिकली, दुसऱ्याच्या टिकली नाही, एवढाच फरक.

या विमानाचे वैशिष्ट्य वेगात नाही. ताशी सुमारे ४८० किलोमीटर हा वेग प्रवासी जेट विमानाच्या पुढे अगदीच बेताचा आहे. ते ७१ सैनिक किंवा ५० छत्रीधारी नेऊ शकते. मालाची ताकद पाच ते दहा टनांची. त्याची खरी मातब्बरी आहे ती आखूड, कच्च्या धावपट्टीवर उतरण्यात. पंख धडाच्या वरच्या अंगाला जोडलेले असल्यामुळे इंजिने व त्यांचे सहा पात्यांचे पंखे जमिनीपासून दूर राहतात आणि उडालेले खडे त्यांना सहसा लागत नाहीत. मुख्य चाके प्रत्येक बाजूस एकामागे एक बसविलेली आहेत, त्यामुळे भार विभागला जातो व मऊ जमिनीत चाक रुतत नाही. जमिनीला टेकताच वैमानिक पंख्यांच्या पात्यांचा कोन उलटा फिरवितो. मग पुढे ओढणारा तोच पंखा मागे रेटू लागतो आणि थोडक्या अंतरात विमान थांबते. मागचे उतरते दार उघडले की गाडी सरळ पोटात शिरते. डोंगराळ सीमेवर किंवा पूर आलेल्या जिल्ह्यात औषधे व धान्य पोहोचविताना असल्या गुणांचीच किंमत असते. ११ ऑक्टोबर २०२४ रोजी नवी मुंबईच्या नव्या विमानतळाच्या धावपट्टीवर जे पहिले विमान उतरले ते हवाई दलाचे सी-२९५ हेच होते. ती धावपट्टी काही आखूड नव्हे, हे खरे. पण पाहुणा म्हणून त्याची निवड झाली हे गमतीचे आहे.

सेव्हिलच्या नावाशी एक दुःखद दिवसही जोडलेला आहे. ९ मे २०१५ रोजी तेथून ए-४००एम या चार इंजिनांच्या मोठ्या मालवाहू विमानाने आपल्या पहिल्या चाचणीसाठी उड्डाण केले. ते तुर्कस्तानला द्यावयाचे होते. थोड्याच वेळात तीन इंजिनांनी आज्ञा पाळणे सोडले आणि विमान विमानतळाजवळच कोसळले. सहा जणांपैकी चौघे दगावले, दोघे गंभीर जखमी झाले. इंजिनात काही मोडले नव्हते. प्रत्येक इंजिन किती पीळ निर्माण करीत आहे हे संगणकाने ओळखावे म्हणून काही आकडे त्यात भरून ठेवावे लागतात. जुळणीच्या वेळी संगणकात आज्ञावली भरताना तीन इंजिनांचे हे आकडे पुसले गेले होते, असे त्यावेळच्या वृत्तांतून उघड झाले. ते नाहीत ही गोष्ट जमिनीवर कोणाच्या ध्यानात आली नाही. हातोडा, पाना आणि खिळा यांच्या युगात कारागिराची चूक डोळ्यांना दिसे, बोटांना लागे. आता ती दिसत नाही. विमान बांधणे म्हणजे पत्रे जोडणे अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी हा प्रसंग वाचावा.

आणि म्हणूनच बडोद्याकडे पाहताना केवळ इमारतीकडे पाहून भागत नाही. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी तेथे पायाभरणी झाली. २८ ऑक्टोबर २०२४ रोजी भारत व स्पेन या दोन्ही देशांच्या पंतप्रधानांनी कारखान्याचे उद्‌घाटन केले. लष्करी विमानाची संपूर्ण जुळणी खाजगी क्षेत्रात होण्याचा आपल्या देशातील हा पहिलाच प्रसंग. गायकवाडांच्या या नगरीत अनेक मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. विमानाचे १३,४०० हून अधिक लहान भाग आणि ४,६०० उपजुळण्या भारतात व्हावयाच्या आहेत. धडाचे व पंखांचे मोठे भाग हैदराबादेस तयार होऊन बडोद्यास जोडले जावयाचे. इंजिने मात्र कॅनडाच्या कंपनीची आहेत.

प्रस्तुत लेखकास येथे कानपूर आठवल्यावाचून राहत नाही. तेथे ॲव्हरोच्या ८९ प्रती बांधल्या गेल्या, आणि चांगल्या बांधल्या गेल्या. परंतु त्या हातांना पुढचे, स्वतःच्या आराखड्याचे विमान रचावयास मिळाले नाही. बंगलोरच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेचे ‘सारस’ २००४ मध्ये उडाले. २००९ च्या मार्चमध्ये त्याच्या दुसऱ्या नमुन्याला अपघात होऊन तिघांचे प्राण गेले आणि काम रेंगाळले. जुळणी करणारे हात आणि आराखडा काढणारे डोके यांमध्ये जी दरी असते, ती ओलांडावयास कासाला बरीच वर्षे लागली. बांडुंगने ती ओलांडली, पण पलीकडचा काठच ढासळला. बडोद्याच्या करारात ४० विमानांची बांधणी आहे. नव्या विमानाच्या रचनेचा वाटा त्यात नाही.

पहिले सी-२९५ सेव्हिल येथे १३ सप्टेंबर २०२३ रोजी भारताच्या स्वाधीन झाले व आठवड्याभरात बडोद्याच्या धावपट्टीवर उतरले. ते मिळाले हवाई दलाच्या अकराव्या तुकडीला. या तुकडीने तोवर त्याच तळावरून ॲव्हरो उडविले होते. २०२५ च्या ऑगस्टात स्पेनमध्ये बांधलेले सोळावे विमानही भारताच्या हाती आले. करारातील वेळापत्रकाप्रमाणे बडोद्यास बांधलेल्या पहिल्या विमानासाठी सप्टेंबर २०२६ आणि चाळिसाव्यासाठी ऑगस्ट २०३१ हे महिने नेमून दिलेले आहेत.