दवंडी आणि लपवलेला फोन

२० जुलै २०२३ च्या सकाळी देशात ठिकठिकाणी मोबाइल एकदम ओरडले. रिंगटोन नव्हे, मेसेजची टिंग नव्हे, कारखान्याच्या भोंग्यासारखा कर्कश आवाज आणि पडद्यावर इशाऱ्याची चौकट. ती दूरसंचार विभागाची चाचणी होती. दुर्लक्ष करा, काही करायची गरज नाही, असं त्या मजकुरातच लिहिलं होतं. आदल्याच रात्री रायगडमधल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली होती. त्यामुळे अशी यंत्रणा कशासाठी हवी, हे महाराष्ट्राला समजावून सांगावं लागलं नाही.

त्याच वर्षी २३ एप्रिलला, रविवारी दुपारी तीन वाजता, ब्रिटनमध्येही असाच भोंगा वाजला होता. तिथे चाचणीच्या आधी एका वेगळ्याच गोष्टीवर उघड चर्चा झाली. घरगुती हिंसाचाराला तोंड देणाऱ्या स्त्रियांसाठी काम करणाऱ्या रेफ्यूजसारख्या संस्थांनी सरकारला आणि लोकांना सांगितलं, की अशा काही बायकांकडे घरात कुणालाही माहीत नसलेला एक दुसरा फोन असतो. रविवारी दुपारी घरात सगळे असताना तो कपाटातून ओरडला तर? सरकारने ही गोष्ट मान्य केली आणि इशारे कसे बंद करायचे याच्या सूचना खास या स्त्रियांसाठी प्रसिद्ध केल्या. आपल्याकडच्या चाचण्यांच्या वेळी ही चर्चा माझ्या तरी कानावर आली नाही. भोंगा मात्र तोच आहे आणि कपाटंही तशीच आहेत. म्हणून या विषयाभोवतीचे काही समज तपासून पाहायला हवेत.

‘फोन सायलेंटवर आहे, मग वाजेल कसा?’

वाजतो. ही यंत्रणा त्यासाठीच बनवली आहे. रात्री दोनला पूर येत असेल तर सायलेंटवर ठेवलेल्या फोनचा मालकही जागा झाला पाहिजे. ब्रिटनमध्ये हा आवाज साधारण दहा सेकंद चालतो, फोन सायलेंटवर असला तरी. शिवाय फोन थरथरतो, आणि लोखंडी कपाटात किंवा स्टीलच्या डब्याशेजारी ठेवलेल्या फोनची थरथर काय आवाज करते हे ज्याने ऐकलंय त्याला वेगळं सांगायला नको. आवाज कमी करणं, ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावणं, फोन कापडात गुंडाळणं, यांपैकी कशावरही विसंबू नये.

खात्रीचे उपाय दोनच. फोन पूर्ण बंद ठेवणं किंवा विमान मोडवर टाकणं हा पहिला. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन इशारे बंद करणं हा दुसरा. अँड्रॉइडवर सेटिंगच्या शोधपट्टीत ‘इमर्जन्सी अलर्ट’ असं इंग्रजीत शोधलं तर ‘वायरलेस इमर्जन्सी अलर्ट्स’ सापडतं. आयफोनवर ते नोटिफिकेशनच्या पानावर अगदी तळाशी असतं. तिथे ‘एक्स्ट्रीम’, ‘सीव्हिअर’ आणि ‘टेस्ट’ अशी वेगवेगळी बटणं दिसू शकतात. एक बंद केलं म्हणजे सगळी झाली असं होत नाही, दिसेल ते प्रत्येक बटण बंद करावं लागतं.

अमेरिकेतली गोष्ट आणखी कडक आहे. तिथे ४ ऑक्टोबर २०२३ ला झालेली देशव्यापी चाचणी ‘राष्ट्रीय इशारा’ या प्रकारातली होती आणि तो प्रकार सेटिंगमधून बंदच करता येत नाही. तिथल्या पीडितांपुढे फोन पूर्ण बंद किंवा विमान मोडवर ठेवण्यावाचून पर्याय नव्हता. शिकागो किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या आपल्या ओळखीच्या कुणाला ब्रिटनमधली सूचना जशीच्या तशी पाठवू नये, ते यासाठी.

‘चाचणीच्या मिनिटाला बंद ठेवला, मग लगेच चालू केला’

इथे घात होतो. इशारा एकदाच सुटत नाही. ठरलेल्या काळात मनोरे तो पुन्हापुन्हा प्रसारित करत राहतात, म्हणजे उशिरा रेंजमध्ये आलेल्यालाही तो मिळावा. अमेरिकेतल्या त्या चाचणीत हा काळ सुमारे अर्ध्या तासाचा होता. ‘झाली असेल एव्हाना’ म्हणून पाचव्या मिनिटाला फोन चालू केला तर तो त्याच क्षणी, हातातच, वाजू शकतो.

आणि चाचणीची तारीख तरी आधी कळते. खऱ्या संकटाची कळत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये दाराह वादळाच्या वेळी वेल्स आणि नैर्ऋत्य इंग्लंडमध्ये सुमारे तीस लाख लोकांच्या फोनवर खरा इशारा गेला. फेब्रुवारी २०२४ मध्ये प्लिमथ शहरात दुसऱ्या महायुद्धातला न फुटलेला बॉम्ब सापडला तेव्हाही गेला. त्या बॉम्बची तारीख कुठल्या पेपरात आधी छापून येणार होती? लपवलेला फोन रोज चालू राहणार असेल तर चाचणीपुरता बंद ठेवून भागत नाही, सेटिंग बदलावंच लागतं. घरात उघड वापरला जाणारा, सगळ्यांना माहीत असलेला फोन मात्र तसाच ठेवावा. पूर-वादळाची सूचना तिलाही मिळायलाच हवी.

‘इशारा आला म्हणजे आपला नंबर आणि ठिकाण कुणाला तरी कळलं’

ही भीती बऱ्याच जणींना वाटते आणि ती पूर्ण निराधार आहे. या तंत्राला सेल ब्रॉडकास्ट म्हणतात. गावातली दवंडी आठवा. दवंडी पिटणारा चौकात उभा राहून ओरडतो. कोण ओसरीवर आहे, कोण माजघरात, याची यादी त्याच्याकडे नसते. मोबाइलचा मनोराही तसाच. त्याच्या टप्प्यात जे फोन आहेत ते ऐकतात, मनोऱ्याला नंबर लागत नाही, कुणी ऐकलं याचा निरोपही परत जात नाही. पंचवीसेक वर्षांपूर्वी नोकियाच्या पडद्यावर आपण असू त्या भागाचं नाव आपोआप उमटायचं, दादर सोडलं की बदलायचं, हे ज्यांना आठवतं त्यांनी हेच तंत्र तेव्हा पाहिलं आहे. त्यामुळेच ‘साध्या बटणांच्या फोनवर येत नाही’ असंही सरसकट धरून चालू नये. ब्रिटनमधले इशारे फक्त ४जी आणि ५जी जाळ्यांवर जातात, तो त्या देशाचा नियम झाला.

धोका आहे तो फक्त आवाजाचा. घरातल्या माणसाच्या कानांचा.

‘चोरून फोन ठेवते म्हणजे काहीतरी भानगड असणार’

हा समज तंत्राबद्दलचा नाही, पण सगळ्यात जास्त नुकसान हाच करतो. भोंगा वाजून फोन सापडला, की पुढचं भांडण ‘तू मारतोस म्हणून ठेवला’ यावर होत नाही, ‘कुणाशी बोलतेस’ यावर होतं. माहेरचेही कधीकधी तोच प्रश्न विचारतात.

दुसरा फोन का लागतो ते पाहू. पहिला फोन बहुतेक वेळा नवऱ्यानेच घेऊन दिलेला असतो, सिम त्याच्या नावावर असतं, रिचार्ज तोच करतो. त्यातलं गूगलचं खातं त्याच्याही मोबाइलवर उघडलेलं असतं, म्हणून ती कुठे गेली, काय शोधलं, सगळं त्याला दिसतं. लॉक उघडण्याचा पॅटर्न मुलांपासून सासूपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतो. अशा फोनवरून ती कुठल्या संस्थेला फोन करणार? जखमांचे फोटो, धमकीचे आवाज कुठे साठवणार? दुसरा फोन म्हणजे तिची कागदपत्रांची पेटी आणि बाहेर पडायचं दार. फोन ती एका दिवसात लपवत नाही. पैसे बाजूला टाकत, बहिणीकडून किंवा कामाच्या ठिकाणच्या मैत्रिणीकडून जुना फोन मिळवत, कित्येक महिने ती तिथवर पोचलेली असते. म्हणून दहा सेकंदांच्या आवाजाने किती मोठं काही कोसळू शकतं, याची कल्पना यावी.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ या काळात, १८ ते ४९ वयाच्या विवाहित किंवा पूर्वी विवाहित स्त्रियांपैकी २९ टक्क्यांहून अधिक जणींनी पतीकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं. शारीरिक किंवा लैंगिक हिंसा भोगलेल्यांपैकी मदत मागणाऱ्या फक्त १४ टक्के. त्याच पाहणीत, स्वतः वापरता येतो असा मोबाइल साधारण ५४ टक्के स्त्रियांकडे होता. हे तीन आकडे शेजारी ठेवले की लपवलेल्या फोनचं मोल समजतं. मदत मागण्याचा रस्ता आधीच इतका अरुंद आहे.

फोन कुठे लपवावा, हे मी इथे लिहिणार नाही. हे पान तोही वाचू शकतो.

‘फोनचं एसओएस बटण गुपचूप काम करतं’

नेहमी नाही. आयफोनवर बाजूची बटणं दाबून धरली, किंवा अनेक अँड्रॉइड फोनवर पॉवरचं बटण भराभर पाच वेळा दाबलं, की आधी उलटी मोजणी सुरू होते आणि तिच्यासोबत फोन मोठ्याने वाजू शकतो. खिशातल्या खिशात मदत बोलवायला जावं आणि फोननेच चहाडी करावी, असा प्रकार. मोजणीचा आवाज बंद करण्याची सोय सेटिंगमध्ये असते, पण ती गरज पडायच्या आधी, शांतपणे शोधून ठेवायला हवी.

त्याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे आणि ती फार थोड्यांच्या लक्षात येते. असा कॉल संपल्यावर फोन आपल्या ‘आपत्कालीन संपर्कां’ना मेसेज पाठवू शकतो, आपण आत्ता कुठे आहोत त्या ठिकाणासह. नवा फोन घेतला तेव्हा त्या रकान्यात आपण सहज कुणाचं नाव घातलं? बहुतेकींनी नवऱ्याचं. म्हणजे ती पोलिस ठाण्यात किंवा मैत्रिणीच्या घरी पोचून मदत मागेल आणि पत्ता थेट त्याच्या हातात जाईल. उघड फोनवर ते नाव अचानक काढलं तर तोही संशय घेईल, हेही खरं. म्हणून या एका रकान्याचा निर्णय तिने एकटीने घाईत घेऊ नये, जाणकार समुपदेशकाबरोबर घ्यावा.

ब्रिटनमध्ये आणखी एक गैरसमज आहे, की मोबाइलवरून ९९९ लावून गप्प राहिलं तरी पोलिस येतात. तसं नाही. बोलता येत नसेल तर विचारल्यावर ५५ दाबावं लागतं, मग कॉल पोलिसांकडे जातो. आणि ५५ दाबल्याने ठिकाण आपोआप कळत नाही. लग्न होऊन तिकडे गेलेल्या मराठी मुलींना व्हिसा, बँक आणि मंडळाच्या गणपतीची माहिती जाण्याआधीच मिळते. हीसुद्धा मिळायला हवी.

‘एवढा धोका असेल तर हे इशारेच बंद करा’

नको. एप्रिल २०२० मध्ये कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतात एका माणसाने रात्री आधी आपल्या जोडीदारणीवर हल्ला केला. ती निसटली आणि रात्रभर जंगलात लपून राहिली. त्याने दुसऱ्या दिवसापर्यंत २२ जणांचा जीव घेतला. त्या काळात पोलिस ट्विटरवर माहिती देत राहिले, लोकांच्या फोनवर भोंग्याचा इशारा गेला नाही. २०२३ मध्ये आलेल्या चौकशी आयोगाच्या अहवालात या चुकीची सविस्तर झडती आहे. म्हणजे घरातल्या हिंसेतून उसळलेलं संकट गावावर आलं आणि ज्या आवाजाने लोक दार लावून बसले असते तो आवाजच झाला नाही. इशारा आणि तिची सुरक्षितता यांत भांडण लावायचं कारण नाही. दरडीखालच्या वस्तीत तीही राहते.

‘मग हे सगळ्या ग्रुपवर फॉरवर्ड करून टाकू’

हेतू चांगला आहे, पण थांबा. जिच्यासाठी तुम्ही पाठवताय तिचा व्हॉट्सअॅप कोण वाचतं? ‘तुझा तो दुसरा फोन बंद ठेव’ एवढी एक ओळ घात करायला पुरते. कुटुंबाच्या ग्रुपवर लपवलेल्या फोनची चर्चा आली तर त्या दिवसापासून तो कान टवकारून बसेल, कपाटं उघडून पाहील. ब्रिटनमध्येही टीव्हीवरच्या सूचना तिच्याइतक्याच त्यानेही ऐकल्या असणार. बोलायचं असेल तर समोरासमोर, ती एकटी असताना, आणि काय करायचं ते तिने ठरवावं.

महाराष्ट्रात त्यासाठी जागा आहेत. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांच्या आवारात स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला आणि आज राज्यात असे अनेक कक्ष आहेत. मुंबई महापालिकेच्या रुग्णालयांत ‘दिलासा’ केंद्रं आहेत, पहिलं २००० मध्ये वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात निघालं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. फोनवर १८१ ही महिला हेल्पलाइन आहे आणि तातडीचा क्रमांक ११२. हे क्रमांक उघड फोनच्या कॉल यादीत दिसतात, एवढं लक्षात ठेवावं.

पुढच्या चाचणीची तारीख ठरेल तेव्हा ती वर्तमानपत्रांच्या किमान आठवडाभर आधी या कक्षांना, संरक्षण अधिकाऱ्यांना आणि हेल्पलाइनवर बसलेल्या समुपदेशकांना कळवली पाहिजे, प्रत्येक बनावटीच्या फोनसाठी मराठीत लिहिलेल्या सेटिंगच्या पायऱ्यांसह. समुपदेशकाच्या टेबलावर, तिथेच, तिच्या हातातल्या त्या फोनवर ती बटणं बंद करून देता येतात. तिला घरी जाऊन शोधत बसावं लागणार नाही.